लिस्बनला हजर

पुणे,
६ नोव्हेंबर २०२५

चि. माधव,

जयभीम. मी ठीक आहे. तूही ठीकच असणार. विश्व नोटरी मंडळाच्या ताज्या वार्तापत्रात तुझे नऊ फोटो आहेत आणि एकातही तू आजारी दिसत नाहीस.

आधी तक्रार. मंडळाच्या माननीय अध्यक्षांपुढे ती रीतसर मांडते आहे, तेव्हा बसून वाचलीस तरी चालेल. अधिवेशनाची आठवण म्हणून जी निळी पिशवी तू मला पाठवलीस, तिची चेन सोमवारपासून अडकली आहे. आत माझा चष्मा आहे. साबण लावून पाहिला, मेणबत्ती घासून पाहिली, शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, ही उघडायला नाही, दाखवायला बनवलीय." चाळीस देशांची संस्था, अकरा उपाध्यक्ष, पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी उपसमिती, आणि उघडणारी चेन मात्र मिळू नये, याचा मला खेद आहे. विषय कोणत्या समितीकडे जाईल ते कळव.

तोवर कोर्टाबाहेर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो नोटरी श्यामसुंदर मला त्याचा चष्मा उसना देतो. पिशवीपाठोपाठ आलेले तुझे कागद मी त्याच चष्म्यातून वाचले. त्यामुळे आधी वाटलं, नंबर चुकतोय.

इतिवृत्तात लिहिलंय की १२ ऑक्टोबरला लिस्बनच्या सभेत तात्याराव आणि रतन साळवे, म्हणजे मी, हे दोन संस्थापक सदस्य 'प्रत्यक्ष हजर' होते. अध्यक्षाला तिसऱ्यांदा निवडून येता यावं म्हणून घटनेतलं कलम बदलायला दोघांनी आनंदाने संमती दिली. मग टाळ्यांच्या गजरात तुझी निवड झाली. सोबत तुझी चिठ्ठी: "ताई, तिथल्या रजिस्ट्रारला तुमच्या दोघांच्या हजेरीची प्रतिज्ञापत्रं हवीत. तात्यांची सही घे, शिक्का तू मार. तुझ्या कागदावर श्यामसुंदर मारेल. पंधरा तारखेच्या आत पाठव. फॉर्मॅलिटी आहे."

फॉर्मॅलिटी.

माधव, लोक आपल्याला पैसे कशाचे देतात? माणूस समोर आला, तो तोच आहे, त्याने आपल्यादेखत सही केली, एवढं सांगण्याचे. दुसरं काही आपल्याला येत नाही. आणि एवढं एकच काम करणाऱ्यांच्या जागतिक संस्थेचा अध्यक्ष न आलेल्या माणसांच्या हजेरीवर निवडून येतो. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा वर्गणी न दिलेल्याचं नाव फळ्यावर लिहीत नाही.

सदाशिव पेठेतलं तात्यारावांचं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस तुला आठवत असेल. मोठ्या माणसांना जिने आठवत नाहीत म्हणा. आपण दोघं तिथेच शिकलो. घरमालकीणबाईंना एका कागदावर सही करायची होती, गुडघ्यांमुळे त्या खाली रिक्षातच बसून राहिल्या. तू म्हणालास, मी कागद खाली नेऊन आणतो. तात्यारावांनी कागद तुझ्या हातातून काढून घेतला, शिक्का खिशात टाकला, तिन्ही जिने उतरले आणि रिक्षात डोकावून विचारलं, "आपणच का?" बाई म्हणाल्या, "सकाळी पाण्यावरून भांडलात ती मीच." मग सही, मग शिक्का. आपण दोघं गॅलरीतून हसत होतो. मी हसता हसता काहीतरी शिकले. तू नुसताच हसलास, हे आता कळतंय.

त्याच खोलीत, एका पंख्याखाली, सात देशांतून आलेली पत्रं मांडून हे मंडळ सुरू झालं. दोनपेक्षा जास्त वेळा कुणी अध्यक्ष होऊ नये, हे कलम तात्यारावांचं. बदलायचं तर निदान दोन संस्थापकांनी स्वतः सभेला यायचं. "म्हातारी माणसं प्रवासाला कंटाळतात, म्हणजे कलम टिकेल," असं ते म्हणाले होते. संस्थापकांपैकी आता आम्ही दोघंच उरलो. आम्हाला न येताच आणता येईल, हे त्यांना सुचलं नाही. शिष्य पारखण्यात ते कच्चेच.

इथे पत्र संपवायचं ठरवलं होतं. कलमावरच भांडायचं, घरचं काढायचं नाही. पण तारीख तू निवडलीस.

१२ ऑक्टोबरला आम्ही खडकीच्या विहारात होतो. आईला जाऊन वर्ष झालं होतं. फुलं आणि मेणबत्त्या मी आणतो, हे तू स्वतः सांगितलं होतंस. आदल्या संध्याकाळी तुझा मेसेज आला: "लिस्बन टाळता येत नाही, मॅनेज कर." मी फुलं आणली आणि रागाच्या भरात मेणबत्त्या विसरले. भन्तेजी बसल्यावर लक्षात आलं. तात्याराव उठले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काठी टेकत रस्ता ओलांडून पुडा घेऊन आले. आईच्या फोटोपुढे जळल्या त्या मेणबत्त्या त्यांच्या.

जेवताना गोदामावशी, जिला आता माणसं फक्त आवाजावरून ओळखू येतात, ज्याला त्याला तुझ्याबद्दल विचारत होती. मी आमटीचं भांडं घेऊन दुसऱ्या पंगतीकडे वळले. तिच्या शेजारी तात्याराव होते.

"माझा माधव कुठाय?"

"आला होता, गोदाबाई. तुमचा डोळा लागला होता."

"जेवला का?"

"दोनदा भात घेतला."

मावशीचा चेहरा उजळला. तात्याराव हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

न आलेल्या माणसाला त्यांनी आयुष्यात एकदाच आला म्हटलं, तेही तुझ्यासाठी. त्याच दिवशी तू त्यांना लिस्बनला उभं केलंस आणि त्यांचं कलम त्यांच्याच हाताने पुसवलंस. तू आईच्या कार्याला आला नाहीस हे मी गिळलं असतं, इतकी वर्षं बरंच गिळलंय. हे घशाखाली उतरत नाही.

काल कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं इतिवृत्त वाचलं. म्हणाले, "लिस्बनला जेवण बरं होतं का गं?" मी निघताना म्हणाले, "विचारायचं होतं त्याने. मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायचं होतं." सही त्यांनी केली नाही. मीही नाही.

त्याऐवजी मी दुसरं प्रतिज्ञापत्र केलंय: त्या दिवशी तात्याराव आणि मी खडकीत होतो. श्यामसुंदरने आपला चष्मा माझ्याकडून परत मागून घेतला, लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "रतनताई, भाऊ आहे तुमचा. नक्की?" मी हो म्हटलं. मग त्याने शिक्का मारला. आज दुपारी ते रजिस्ट्रारला आणि अकराही उपाध्यक्षांना गेलं. त्यांच्यापैकी पाच-सहा जण तुझ्या खुर्चीकडे बघूनच झोपतात, तेव्हा ते नीट वाचतील. अध्यक्षपद जाईल. तुझ्या नोटरीच्या सनदेवरही येईल कदाचित. मला माहीत आहे. तुला या धंद्यात मीच आणलं.

खुलासा मेलवर पाठवू नकोस. फोनही नको, तो तुझा सचिव करतो. सांगायचं असेल तर ये आणि तिन्ही जिने चढ.

आज परतताना पुन्हा तात्यारावांकडे डोकावले. मेणबत्त्यांचे चाळीस रुपये त्यांनी तेव्हा माझ्याकडून घेतले नव्हते. म्हणाले होते, माधव आला की त्याच्याकडून घेईन. ते चहा ठेवायला आत गेले तेव्हा नोटा मी त्यांच्या शाईच्या पॅडखाली सरकवल्या. तुझ्या नावाने नाही. तू तिथे नव्हतास.

पुण्यातच असलेली,
तुझी ताई
रतन