सीटवरचा चहा

आबा,

परवा रविवारी मी एका गाडीत बसलो आणि मावलो नाही. खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो हसेल, आणि तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, गाडी कुठली? म्हणून तुम्हालाच लिहितोय. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की आपल्या सीटच्या दुकानात येणारी नवी गिऱ्हाइकं मलाच टॉवर म्हणतात, त्यांना वाटतं हे नाव माझ्यापासूनच सुरू झालं. मी उंचीला तुमच्याएवढा झालोय, कदाचित बोटभर जास्तच. आई अजून शिंप्याला तुमचंच माप सांगते आणि तो दरवेळी मला गुपचूप फोन करून विचारतो, बाही वाढवू ना?

गाडी म्हणजे मसल कार. तुमच्या वेळी असली गाडी जळगावात फक्त पोरांच्या वह्यांच्या कव्हरवर असायची. लांबच लांब नाक, दोनच दारं, छत इतकं बुटकं की बाहेरून बघताना वाटावं, वरून कोणीतरी हात ठेवून दाबलंय. माझ्या कॉलेजातल्या दोस्ताने पुण्याहून वापरलेली आणली, त्याच्या घरी रावेरकडे केळीचा मोठा धंदा आहे. गाडी हौसेने आणली, पण आतलं चामडं काळं, आणि आपल्याकडचा वैशाख! दुपारी अजिंठा चौफुलीला गाडी उभी करून आला की परत बसताना ओरडायचा. मग माझ्याकडे आणली, म्हणाला, "टॉवर, कापडी कव्हर शिव बाबा, मागनं भाजून निघतोय मी." मी म्हटलं, सोमवारी शिवतो, रविवारी मला गाडी दे. तो हसला. कुठे जायचंय ते त्याला माहीत होतं. चावी फेकली आणि म्हणाला, "पण तू मावशील का रे हिच्यात?"

मी बसून बघितलं. बटण दाबून सीट पार खाली नेली, पार मागे नेली. पाय मावले, आबा. पायांना जागा भरपूर आहे, लोक उगाच म्हणतात नाही म्हणून. बसायचं मात्र पंगतीत बसल्यासारखं, जमिनीलगत, पाय समोर पसरून. अडतं ते डोकं. ताठ बसलं की केस छताला लागतात. पाठ मागे टाकली तर डोकं मावतं, पण मग हात स्टिअरिंगपर्यंत नीट पोचत नाहीत. मधल्या मधे एक बसणं असतं, मान थोडी पुढे काढून, कासवासारखी. त्या बसण्यात मी त्याला म्हटलं, "मस्त बसतं."

पहिल्या मिनिटाला सगळेच म्हणतात मस्त बसतं. हे तुमचंच वाक्य. तुमच्याकडे सीट करायला आलेल्या माणसाचं माप तुम्ही टेपने घ्यायचेच नाहीत. आधी त्याला त्याच्याच गाडीत बसवायचे. डोक्यावर तुमची मूठ ठेवायचे, मूठ आणि छत यांच्यात वारा खेळला पाहिजे. मग म्हणायचे, "मागे बघ." कारण पुढे बघताना उंच माणूस कसाही निभावून नेतो, मागे वळला की त्याचा खांदा खरं बोलतो. आणि मग समोरच्या टपरीवरून चहा मागवून त्याच्या हातात द्यायचे, तिथेच, सीटवर. "च्या सरू दे, मंग सांग." तोवर तुम्ही रेक्झिन कापत बसायचे, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. लोकांना वाटायचं काय आदरातिथ्य आहे! दोंडाईच्याचे ते मिरचीवाले शेठ आठवतात? नव्या कोऱ्या गाडीच्या प्रेमात पडलेले. मी आठवीत असेन. चहा अर्धा असतानाच मी पुढे होऊन म्हटलं, "शेठ, काय फिट बसताय!" तुम्ही कात्री खाली ठेवली. "तुले कोन्ही इचारं?" म्हणालात. "गाडी त्यास्नी, मान त्यास्नी. च्या पिऊ दे त्यास्ले." चार लोकांसमोर. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. आणि चहा संपल्यावर शेठ मान चोळत खाली उतरून म्हणाले, "टॉवर, मान अवघडते रे. फोम काढ थोडा." रागाच्या भरात ते मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

आणि तुमची ती लहान पांढरी गाडी. ती घ्यायला गेलो तेव्हा मी मागच्या सीटवर आधीच जाऊन बसलो होतो आणि आई बाहेर उभी राहून काच खाली-वर करून बघत होती. तिला ती गाडी फार आवडली होती. बोदवडला माहेरी आपल्या गाडीने जायचं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तुम्ही पुढे बसलात, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, आणि स्वतःच स्वतःसाठी चहा मागवलात. तुमचा चहा त्या दिवशी फार वेळ पुरला. मी मागून बघत होतो. कप तोंडाला लागत होता, खाली येत होता, परत लागत होता. मग आईकडे बघून म्हणालात, "मस्त बसतं." पुढची सगळी वर्षं ती गाडी तुम्ही मान वाकडी करून चालवली. छताच्या कापडाला तुमच्या डोक्याच्या तेलाचा काळा गोल डाग पडला, पोळीएवढा. सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांची छतं आपल्या दुकानात बदलली जातात, पण ते कापड मी बदललेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, वेळ मिळत नाही.

आता ती कोण, हे सांगायला हवं. कॉलेजात होती, माझ्याच वर्गात. धुळ्याची, देवपूरची. माझ्या खांद्याला पण लागत नाही आणि बोलताना मान वर करत नाही, मीच खाली वाकायचं. तिसऱ्या वर्षाला एकाने तिचा फोटो मोबाइलवर फिरवला, वर काहीतरी घाण लिहून. मी त्याला कँटीनमध्ये मारला. सर म्हणाले, वर्गासमोर माफी माग आणि विषय संपव. मी नाही मागितली. हॉस्टेलवर गेलो, बॅग भरली, दुकानात येऊन शटर उघडलं. ती महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस फोन आला, "मला न विचारता माझ्यासाठी भांडायचं आणि मला न विचारता कॉलेज सोडायचं, असं किती दिवस चालणार?" पण फोन येत राहिले.

तर रविवारी तिच्या वडिलांनी मला बघायला बोलावलं होतं. एवढंच, बघायला. नाशिकचं एक स्थळ आलेलं, स्वतःचा फ्लॅट, स्वतःची गाडी. तिने घरी भांडून माझ्यासाठी एक रविवार मिळवला होता. एकच, असं तिने दोनदा सांगितलं. आणि म्हणाली, "साधा ये." मी फ्लॅट आणि गाडी एवढंच ऐकलं. तुम्हाला माहीत आहे माझं डोकं.

म्हणून ही गाडी. सकाळी निघालो. पाळधीपर्यंत मी राजा होतो, आबा. टपरीवरची माणसं उठून बघत होती. एरंडोलच्या आसपास मान भरून आली. सिग्नलला उभा राहिलो की वरचा दिवा दिसायचाच नाही, काचेचा वरचा काठ आडवा येतो, वाकून छातीत हनुवटी घालून बघावं लागतं. मागचा हॉर्न वाजला की समजायचं हिरवा झाला. गाडीला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. तो पाय मधल्या कठड्याला टेकून नुसता पडलेला. पारोळ्याजवळ, तुमच्या गावाचा फाटा जातो तिथे, मला वाटलं जरा थांबावं, उतरून चहा घ्यावा. नाही थांबलो. उशीर होईल म्हणून नाही. चहा घेतला असता तर कळलं असतं.

देवपुरात तिच्या दारासमोर गाडी उभी केली तेव्हा डावा पाय माझा नव्हता. मांडीपासून खाली मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. वडील फाटकात उभे. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर, बुटके, गोल, बनियनवर टॉवेल. मी काच खाली केली, नमस्कार केला आणि बसूनच राहिलो. उतरणार कसा? उतरलो असतो तर पहिल्याच पावलाला तोंडावर पडलो असतो. ते वाट बघतायत. गल्लीतली पोरं जमली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, मला दिसत होतं. मोठ्या गाडीतला माणूस, घरच्या मोठ्या माणसासमोर गाडीतून उतरत नाही. शेवटी म्हणाले, "काय रे भो, उतरस का नही?"

"उतरतो काका. दोन मिनिटं."

"मुहूर्त देखी ऱ्हायना का?"

पोरं हसली. माझं डोकं फिरलं. चावी हातात होती, आबा. गाडी चालू करून सरळ निघून जावं, हे अगदी जवळ आलं होतं, कॉलेज सोडताना आलं होतं तसंच. तेवढ्यात ती आतून आली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मानेकडे, गुडघ्याकडे. परत आत गेली आणि चहा घेऊन आली. वडिलांच्या शेजारून येऊन कप खिडकीतून माझ्या हातात दिला. तुमच्या सीटवरच्या चहाची गोष्ट मी तिला पहिल्या वर्षालाच सांगितलेली, तेव्हा ती खूप हसली होती. आता हसली नाही. दोन पावलं मागे जाऊन उंबऱ्याला टेकून उभी राहिली.

मी चहा प्यायलो. वडील एकदा कपाकडे, एकदा तिच्याकडे बघत होते, त्यांना हा काय प्रकार ते कळत नव्हतं. पायात हळूहळू जीव येत होता, सुया टोचत होत्या. मग ती म्हणाली, "च्या सरना. आते सांग."

आणि मी सांगितलं. वडिलांकडे बघून, खिडकीतूनच. "काका, पाय झोपला आहे म्हणून उतरत नाही. मी मावत नाही हिच्यात."

ते जवळ आले. वाकून आत बघितलं. "गाडी तुन्ही शे का?"

"नही काका. दोस्तनी शे."

"कालेज?"

"सोडी दिधं. सीटनं दुकान शे, वडिलांचं."

त्यांनी दार उघडलं, माझ्या काखेत हात घातला आणि मला बाहेर काढलं. ड्रायव्हर लोक एकमेकांना असंच उतरवत असतील लांबच्या फेरीनंतर. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभा, माझी सावली त्यांच्या दुप्पट. मग ते स्वतः जाऊन सीटवर बसले. पार खाली गेले, नुसतं टक्कल दिसत होतं बाहेरून. "आरे, समोरनं काहीच दिखत नही," आतून आवाज आला. "नुस्तं नाकच नाक शे! मी आख्खी नोकरी गादी टाकीसन करी, तवय रस्ता दिखे." पोरं हसली आणि या वेळी मीही हसलो. म्हणजे ही गाडी नेमकी कोणाला बसते, देव जाणे. मधल्या उंचीच्या माणसांची एखादी जात असेल.

घरात बसवलं, पोहे दिले. नाशिकच्या स्थळाचं नाव निघालं नाही, माझंही पुढे काही निघालं नाही. कॉलेज का सोडलं ते विचारलं, मी सगळं सांगितलं, मारामारीसकट. ते म्हणाले, "मारं ते ठीक. पयना कसाले?" म्हणजे मारलंस ते ठीक, पळालास कशाला? चार लोकांसमोर तुम्ही बोलला होतात त्या दिवसासारखं लागलं ते, पण या वेळी मी पोहे संपवले. निघताना फाटकापर्यंत आले. मी परत त्या गाडीत स्वतःला दुमडत होतो, एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय. ते छतावर हात ठेवून म्हणाले, "आते पुढे येशी ते एस्टीमा ये. पाय मोकया ऱ्हातस."

पुढे येशी. म्हणजे पुढच्या खेपेला येशील. परतीच्या सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मान मोडली, पाय दोनदा झोपला, पारोळ्याला उतरून चहा घेतला आणि जीपवाल्यांसमोर लंगडत फिरलो, काही वाटलं नाही. सोमवारी दोस्ताची कव्हरं शिवली. त्याला खरं सांगितलं, तर म्हणतो, मग फोम काप ना थोडा. मी नाही म्हटलं. त्याची गाडी आहे, त्याला बसते. मला बसावी म्हणून कशाला कापायची?

आज संध्याकाळी तुमच्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसलो. बऱ्याच दिवसांनी. माझं डोकं तुमच्या डागावरच टेकतं, बरोबर त्याच जागी. आईने विचारलं, काय करतोयस आत? म्हटलं, काही नाही.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, ते दुकानातल्या रेक्झिनच्या गुंडाळीत राहील. फक्त एक सांगतो, कारण ते तुम्हालाच कळेल. तिच्या दारात माझा चहा केव्हाच संपला होता. पायात जीव आला होता, लंगडत का होईना उतरता आलं असतं. ती उंबऱ्याला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, म्हणून मी रिकामा कप तोंडाला लावत होतो.