अडीच गिगाहर्ट्‌झ

काका,

आज मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कॅम्प एक वस्तीतल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर बसून लिहितोय. शिवमंदिराजवळचे स्टुडिओवाले आत्ताच नवा कॉम्प्युटर घेऊन गेले.

ते पहिल्यांदा आले तो दिवस मला अजून दिसतो. टेबलावर दोन जुनी मशीन आहेत आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे कॅबिनेटवर मार्करने प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके ते, लिहिलाय, एकावर ३.८, दुसऱ्यावर २.४. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा मी दोन्हींवर एकच लग्नाचा व्हिडिओ तयार करायला लावून वेळ मोजली होती. २.४ आधी मोकळं झालं, आणि हाताला जेमतेम कोमट लागलं. माझंच चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. मग त्यांच्यासमोर मी भीतभीत म्हणालो, लहान आकड्याचं घ्या, ते एका ठोक्यात जास्त काम करतं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "दहावीला दोनदा बसलास, आणि मोठा आकडा कुठला ते मला शिकवतोस?" ते हसले, तुम्हीही हसलात. ३.८ गेलं. मे महिन्यात पत्र्याखालच्या स्टुडिओत ते तापून सारखं बंद पडायचं, एका लग्नाचं काम हातचं गेलं. ते तक्रार घेऊन आले तेव्हा तुम्ही व्होल्टेजवर ढकललंत आणि अजून एक पंखा बसवलात. स्क्रू मी आवळले.

तुमच्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. तुम्ही शिकलात तेव्हा आकडा वाढला की काम खरंच वाढायचं. पुढे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनाच तो ताप आवरेना, तेव्हा कमी विजेत जास्त काम काढायच्या मागे त्या लागल्या. तुम्ही मात्र मार्कर बदलत राहिलात, आकड्यालाच धरून.

आज स्टुडिओवाले आले, त्यांना कुठेतरी जुनं चार गिगाहर्ट्‌झचं मशीन दिसलं होतं, तेच हवं होतं. मी नवं अडीचचं दाखवलं, किती कमी वॉट वीज खातं ते समजावलं, हात लावून बघा म्हटलं. लग्नसराई तोंडावर, त्यांच्याकडे मशीन एकच. पुन्हा बंद पडलं तर या खेपेला स्टुडिओच बंद करावा लागेल, असं तेच म्हणाले होते. तरी ऐकेनात.

"काका बोलायचे, आकडा बघून घ्यायचा. तू काकांपेक्षा शाणा झालास काय?"

ते उठले. पायरीपर्यंत गेले. तेव्हा मी म्हणालो, "शेवटी शेवटी काकाच म्हणाले होते, आता आकडा बघू नकोस, ताप बघ."

ते परत येऊन बसले. "काका बोलले? मग दे."

जाताना त्यांनी तुमच्या हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला. मी मान खाली घालून बिल लिहीत राहिलो, तेही दोनदा चुकलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीतच राहील. पण तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात, काका. वाक्य माझं होतं. माझ्या नावावर ते खपलं नसतं.