आत्याआजीचा शब्द

जुळे सोलापूर
१४ जुलै २०२४

चि. श्रावणीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहाची गादी टोचते, वरण पाणचट असतं आणि मोबाईल नसल्यामुळे हात रिकामे वाटतात, या तिन्ही तक्रारी वाचल्या. पहिल्या दोन सहन कर. तिसरी मला मान्यच नाही. मोबाईल असता तर या म्हाताऱ्याला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस.

तुमच्या इंग्रजीच्या सरांनी दर आठवड्याला अनोखे शब्द शोधून आणायला सांगितलेत आणि तुला ते सोमवारपर्यंत आठवत नाहीत, असं लिहितेस. अगं, मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्द घोकायचा नसतो, घरातल्या माणसाला चिकटवायचा असतो. माणूस विसरत नाही म्हणजे शब्दही विसरत नाही. तुझा बाबा टॅसिटर्न, म्हणजे तोंडातून शब्द काढायला ज्याला सोन्याचं मोल पडतं असा. तुझी आई व्हिवेशस, घरात आली की दिवे लागल्यासारखं वाटतं. वरच्या मजल्यावरचे बापूसाहेब गर्युलस, त्यांना जिन्यात गाठलं तर भाजी शिळी होते. तू मर्क्युरियल. घटकेत हसतेस, घटकेत रुसतेस, आणि हे वाचूनही रुसशील.

आपल्या आत्याआजीसाठीही एक सापडलाय. फॅक्टोटम. स्वयंपाक, दळण, आजारपण, पाहुणेरावळे, सगळ्यात जिचा हात असतो ती. डिक्शनरीत ‘नोकर’ असंही म्हटलंय, पण तेवढं तू सोडून दे. ती आत्ताच चहा ठेवून गेली. माझा शब्द कोणता, म्हणून विचारत होती. तुझा शब्द थेट लॅटिनमधून आलाय, असं सांगितलं. फार खूश झाली आणि अर्थ न विचारताच आत गेली.

अभ्यास कर, दूध टाकू नकोस. पत्रात खाडाखोड चालेल, खाडा चालणार नाही.

तुझा,
आजोबा

वाई
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आजोबांस श्रावणीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी रुसलेय. पण बातमी इतकी चांगली आहे की रुसवा पुढच्या पत्रात. सरांनी माझे शब्द वर्गात वाचून दाखवले. सगळ्यांनी डिक्शनरीतून उतरवून आणले होते. माझ्या शब्दांना माणसं होती. बाबांचा टॅसिटर्न वाचताना सर स्वतःच हसायला लागले. मग ते म्हणाले की हे लेख म्हणून लिहून दे, शाळेच्या त्रैमासिकात छापू. मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. नाव दिलंय ‘माझ्या घरातली डिक्शनरी’. तुमच्यासाठी शब्द मी शोधला. एर्युडाइट, म्हणजे विद्वान. दुसरा शब्द पेडंटिक होता, म्हणजे विद्वत्ता मिरवणारा, पण तो खोडला. तुमच्या पेन्शनीत माझी पुस्तकं येतात.

खरीखुरी नावं घातलीत आणि आपल्या गच्चीवरचा फोटोही दिलाय. अंक थेट घरी येईल. आला की आत्याआजीला आधी दाखवा. पापड वाळत घालताना तिचा तो हात कपाळावर धरलेला फोटो आहे, तोच मोठा छापणार आहेत. तिने पाठवलेली शेंगाचटणी खोलीतल्या मुलींनी तीन दिवसांत संपवली. पुन्हा पाठवायला सांगा, यावेळी दोन डबे.

आईबाबांना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू द्या, चिडवणं थोडं कमी करा.

आपली,
श्रावणी

जुळे सोलापूर
१ सप्टेंबर २०२४

चि. श्रावणीस अनेक आशीर्वाद.

अंक आला. लेख छान जमलाय. छपाई जरा फिकी आहे.

चटणीचं या खेपेला जमणार नाही, कारण आत्याआजी थोडे दिवस जेऊरला गेलीय. तुला बजाबाई आठवत असतील. आत्याआजीचे यजमान जेऊर स्टेशनवर नोकरीला होते तेव्हाच्या तिच्या शेजारीणबाई. त्यांच्या नातीचं, वैष्णवीचं, लग्न ठरतंय, म्हणून गेली. हवापालट होईल. आम्ही मजेत आहोत. तुझ्या आईने पोळीवाल्या बाई लावल्यात. बाबाने काल कपडे धुवायला टाकले आणि माझं पांढरं धोतर गुलाबी निघालं. त्यावर तो एक शब्द बोलला नाही, म्हणजे आपला शब्द बरोबरच बसला म्हणायचा.

जाण्याआधी तिने सगळे डबे भरून ठेवले होते. माझ्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्या बांधून टेबलावर मांडल्या होत्या. असो. या खेपेला नवा शब्द पाठवत नाही. डोळे जरा दुखतायत.

जपून राहा.

तुझा,
आजोबा

वाई
१५ सप्टेंबर २०२४

ती. आत्याआजीस सा. न. वि. वि.

हे पत्र बजाबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय. आजोबांनी लिहिलं होतं की तू लग्नासाठी गेलीस. मला ते खरं वाटलं नाही, कारण त्या पत्रात शब्द नव्हता. मी आईला विचारलं. तिने सगळं लिहिलं. अंक आल्यावर तू तो घेऊन खालच्या मजल्यावर अंकिताकडे गेलीस, तिने तुझा शब्द मोबाईलवर शोधला आणि वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस. भांडली नाहीस. कुणाला काही बोललीही नाहीस.

आत्याआजी, मी ‘नोकर’ असं लिहिलं नव्हतं. शपथेवर सांगते. पण मला माहीत होतं की डिक्शनरीत तसं आहे. आजोबांनी ते सोडून दे म्हटलं आणि मी सोडून दिलं, जणू आपण सोडलं की डिक्शनरीतूनही ते जातं. मला तुझ्यावर काहीतरी मोठं लिहायचं होतं गं. तो शब्द लॅटिन होता म्हणून मी सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत लिहिला. आता ज्या मुलींनी तुझी चटणी खाल्ली त्या तुझा फोटो बघून मला विचारतात, ही तुमच्याकडे कामाला आहे का. मी नाही म्हणते, पण पुढे काय सांगायचं ते मला सुचत नाही.

मला फार लाज वाटतेय. तू घरी जा. माझ्यासाठी नको, पण जा.

तुझ्या मायेला मी पात्र नाही, तरी ती मागते.

तुझी,
श्रावणी

जेऊर
२६ सप्टेंबर २०२४

चि. श्रावणीस आत्याआजीचे गोड आशीर्वाद.

बाळ, रडत पत्र लिहू नये, शाई फुटते. अर्धं मला वैष्णवीकडून लावून घ्यावं लागलं. तिचं लग्न अजून ठरलेलं नाही, ते तुझ्या आजोबांनीच ठरवलं.

तुझ्यावर माझा राग नाही. ‘नोकर’ ऐकून वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. वाटलं. त्यातून मी महिनाभर वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत फिरले होते की आमच्या दादाने माझ्यावर लॅटिन शब्द काढलाय. अंकिता बिचारी वाचता वाचता थांबली, मग मीच म्हटलं, वाच की पुढं.

पण मी गेले ती त्या शब्दामुळे नाही. त्यानंतर मी अंकिताला बाकीच्यांचेही शब्द वाचायला लावले. दादा विद्वान. तुझा बाबा सुबोध अबोल. तुझी आई चेतना हसरी. बापूसाहेब बडबडे. तू लहरी. सगळ्यांना ते कसे आहेत त्याचा शब्द मिळाला. मला मी काय करते त्याचा. मग मी अंकिताच्या दारात उभी राहून विचार करायला लागले की मी कशी आहे, आणि मलाही पटकन सांगता येईना. वहिनी, म्हणजे तुझी आजी, गेल्यापासून त्या घरात मला कुणी तसं विचारलेलंच नाही. तेव्हा वाटलं, जिथे कुणाला थोडंफार माहीत असेल तिथे जाऊन यावं. म्हणून बजाबाईंकडे आले.

यात रडण्यासारखं काही नाही. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस. इकडे पाऊसपाणी ठीक. चटणी बजाबाईंच्या उखळात कुटलीय, मानसिंग, म्हणजे त्यांचा मुलगा, पार्सल करणार आहे. दोन डबे आहेत. केस विंचरत जा.

मन मोठं ठेव, माझी आठवण काढत जा.

तुझी,
यशोदाआजी

वाई
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आजोबांस श्रावणीचा नमस्कार, वि. वि.

सोबत आत्याआजीच्या पत्राची नक्कल पाठवतेय. मूळ पत्र मी देणार नाही.

मी आठवडाभर तिच्यासाठी शब्द शोधतेय. सरांची मोठी डिक्शनरी मागून आणली. सेल्फलेस लिहिला, खोडला. पेशंट, म्हणजे सोशिक, लिहिला, खोडला. डिव्होटेड लिहिला, तोही खोडला. सगळे शब्द शेवटी आपल्याला तिचा काय उपयोग होतो यावरच येतात. तिला कशाचं हसू येतं, आजोबा? मला माहीत नाही. तुम्ही तर तिच्याबरोबर लहानाचे मोठे झालात. तुम्हाला माहीत असेलच. कळवा, आणि पत्रातून नको, तिलाच जाऊन सांगा.

तुमच्यावर चिडलेय, आणि स्वतःवर जास्त. लोभ कमी झालेला नाही.

आपली,
श्रावणी

जुळे सोलापूर
१३ ऑक्टोबर २०२४

चि. श्रावणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नाही. आमची आई सांगायची, यशोदा कामाची, चिंतामणी हुशार. ती वाटणी तेव्हाच झाली आणि पुढे मी ती तपासून पाहिली नाही. उलट मिरवली. परवा सकाळी पॅसेंजरने जेऊरला गेलो.

बजाबाईंचं घर स्टेशनपासून जवळच आहे. फाटकाशी पोचलो तेव्हा आतून बायकांच्या हसण्याचा गलका येत होता. मधेच एका पुरुषाचा आवाज आला. घसा खाकरून तो म्हणाला, “हं, आता या शब्दाची व्युत्पत्ती बघू.” मी थांबलो. श्रावणी, तो माझा आवाज होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बघितलं तर आठदहा बायका शेंगा फोडत बसलेल्या, आणि मधे तुझी आत्याआजी. नाकाच्या शेंड्यावर कुणाचा तरी चष्मा, मांडीवर पाट. बोट जिभेला लावून ती पाटाची पानं उलटत होती. पान सापडत नाही म्हणून डिक्शनरीवरच वैतागत होती. मग मान वर न करता तिने उजवा हात हवेत धरला आणि माझ्याच आवाजात म्हणाली, “यशोदे, चहा.” कप हातात येईपर्यंत तो हात तसाच धरून ठेवला. बायका हसून लोळत होत्या. तीही हसत होती. ती अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. मग बापूसाहेब झाले, तुझी आई झाली, गाडी चुकलेला कुणी तिकीट तपासनीस झाला. मी दाराआड उभा राहून सगळं बघितलं. माझीही हसून पुरेवाट झाली आणि त्याच वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

शेवटी मानसिंग बाहेरून आला आणि त्याने मला आत नेलं. मला बघताच तिने चष्मा काढला, पदर सावरला आणि चहा ठेवायला उठली.

ती आत गेल्यावर बजाबाई मला म्हणाल्या, “लई नकली हाय तुमची भन. हितं होती तवा समदं स्टेशन गोळा व्हायचं तिच्या नकला बगाया. तुमाला ठावं न्हवतं व्हय?”

इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी तिच्या हातचा चहा घेतला. त्यातली एखादी संध्याकाळ ती बापूसाहेब होऊन दाखवू शकली असती, आणि मी पुस्तकातून मान वर केली असती तर ती संध्याकाळ मला मिळाली असती.

मी स्वयंपाकघरात गेलो. चुकलं, असं म्हणालो. वाक्य याहून मोठं तयार करून नेलं होतं, पण ते जमलं नाही. ती म्हणाली, असू दे, आणि साखर किती घालू ते विचारलं, जणू तिला माहीत नाही. घरी चल, असं मी म्हणू शकलो नाही. कशाला चल, असं तिने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पोळीवाल्या बाई नीट करत नाहीत म्हणून? मग मी एवढंच म्हणालो, की मघाची माझी नक्कल मला पुन्हा एकदा बघायचीय. समोर बसून बघतो. अगदी मनापासून म्हणालो.

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, “नको, दादा. तुझ्यासमोर नाही येत मला ते.”

आम्ही चहा प्यालो. संध्याकाळच्या गाडीला ती स्टेशनपर्यंत पोचवायला आली. परत कधी येणार ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा जाणार आहे. डिक्शनरी नेणार नाही. तू दिवाळीला येशील तेव्हा बाबाला जेऊरलाच उतरवून घ्यायला सांगतो. तुझ्यासमोर तिला येईल, असं मला वाटतं. आलं तर हसून घे, आणि मी त्या घरात असलो तर मला बाहेर जायला सांग.

तिचा लोभ आपल्यावर अजून आहे का, हे मला तिला विचारता आलं नाही. माझा तुझ्यावर आहे.

तुझा,
आजोबा