सुई आपोआप उचलणाऱ्या टर्नटेबलबाबत

मी, खाली सही करणारी, तळमजल्यावरच्या घड्याळजींची पत्नी, शिक्षण शालांत परीक्षा उत्तीर्ण, व्यवसाय घरकाम, आज पूर्ण शुद्धीवर राहून, देवाला स्मरून आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पुढचा उन्हाळा मला दिसेल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत आणि मीही विचारलेलं नाही. तेव्हा हात चालतोय तोवर लिहिते ते येणेप्रमाणे.

कलम १. राहतं घर माझ्या नावे आहे. माझे पती हयात असेपर्यंत ते त्यांच्या राहण्यासाठी असावं, त्यांच्या पश्चात मुलाचं. मधल्या काळात ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि "बाबांना एवढ्या खोल्या हव्यात कशाला" हे त्यांच्या देखत बोलू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक ह्यांच्या औषधपाण्याला आणि सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईच्या पगाराला वापरावी. दिवसभराची बाई परवडणार नाही. काटकसर मला येते, पण नसलेलं उरवता येत नाही.

कलम ३. मोठं पितळी पातेलं जाऊबाईंनी वाटणीच्या वेळी "आठवड्याभरात परत देते हो" म्हणून नेलं. ते मी त्यांना देत आहे, कारण ते त्यांच्याकडेच आहे. झाकण माझ्याकडे आहे. ते देऊ नये.

कलम ४. ह्यांचे चिमटे, बारीक पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंग खिडकीजवळच्या खणात आहे तसंच ठेवावं. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या हातांतून आता पेल्यातलं अर्धं पाणी सांडतं. तरी हत्यारं नजरेसमोर हवीत.

कलम ५. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझा जीव अडकलाय तो इथेच.

जुनं टर्नटेबल ह्यांनी स्वतः दुरुस्त करकरून चालवलं होतं. हात थरथरू लागले आणि तेही बंद पडलं. मग मुलाने हौसेने पेटीसारखं एक स्वस्तातलं आणलं. पहिली रेकॉर्ड संपल्यावर ह्यांनी सुई बोटाने पुसली आणि बोट मला दाखवलं. काळी पूड! "सुई जड आहे. रेकॉर्ड खातेय," एवढंच म्हणाले.

मुलगा म्हणाला, "आई, हीच गाणी फोनवर आहेत गं. बाबांना आता कुठे फरक कळतोय?"

हे समोरच बसले होते. म्हणाले, "हात गेलेत रे, कान नाही गेले."

म्हणून मी स्वतः दुकानात गेले. फार महागाचं आम्हाला नको होतं, स्वस्ताचा अनुभव घेऊन झाला होता. मधल्या किमतीची दोन समोर ठेवली होती. दुकानदार हाताने चालवायचं पुढे सरकवत म्हणाला, "काकू, डोळे मिटून हे घ्या. आवाज म्हणजे आवाज!"

"आणि रेकॉर्ड संपल्यावर सुई कोण उचलणार?"

"तुम्ही आहात की."

"मी आहे तोवर आहे," म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरं पुढे केलं. आवाजात थोडं कमी, पण एक बटण दाबलं की दांडा आपला उठतो, सुई टेकवतो, शेवटी उचलून जागेवर जातो. सुईवर दांड्याचं वजन किती ठेवायचं ते विचारलं, थाळी फिरवणारा पट्टा कुठे मिळतो ते विचारलं, घासाघीस करून एक जादा सुई पदरात पाडून घेतली.

घरी ह्यांनी थरथरत्या बोटाने बटण दाबलं. गाणं वाजलं, दांडा उठला, थाळी थांबली. कुणाची गरज लागली नाही. मी मोरीत भांडी घासत होते, मनात देवाचे आभार मानत होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं, उलटतेस ना?"

एवढी चौकशी केली, पण रेकॉर्डला दोन बाजू असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. लग्न झाल्यापासून हातातलं काम टाकून मीच उलटत आले. ते एक काम आहे, हेच कधी ध्यानात आलं नव्हतं.

ह्यांनी स्वतः उलटून पाहिली. हातातून सुटली, कडेचा टवका उडाला. आता हात लावत नाहीत. स्वयंपाकाच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, त्या काळ्या ताटाला मी शिवायची नाही. ओरखडा पडला तर माझ्या माथी." दुकानदाराला फोन केला. "दोन्ही बाजू वाजवणारी यंत्रं निघाली होती काकू," तो म्हणाला, "पण आता मिळालं तरी दुरुस्त कोण करणार? काकांसारखी माणसं राहिली कुठे?"

तेव्हा हे टर्नटेबल, सगळ्या रेकॉर्डी आणि शिवणाच्या डब्यातली जादा सुई मी माझ्या पतींना देत आहे. मुलाने दर रविवारी येऊन रेकॉर्ड बदलावी किंवा निदान उलटून ठेवावी. कडेने धरावी, मधे बोटं लावू नयेत. बाळा, तू पहिले काही रविवार येशील. पुढचं मला माहीत आहे, तुला दोष देत नाही. तरी लिहून ठेवते.

कलम ६. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की मी दुसऱ्या दिवसाची बाजू लावून ठेवते. पूर्वी हाताला येईल ती लावायचे. आता निवडायला फार वेळ लागतो. मी गेले त्या दिवशी जी वर असेल, तीच ह्यांना ऐकत बसावी लागणार. म्हणून रडकी लावत नाही.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे.

(सही) घड्याळजींची पत्नी

साक्षीदार :
१. (सही) वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई
२. (सही) आमचे डॉक्टर. "सही करणाऱ्या बाई माझ्यासमोर पूर्ण शुद्धीवर होत्या. सही करताना मधेच उठून रेकॉर्ड उलटून आल्या."

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर