दुधाबरोबर घेतलेली गोळी

प्रिय रितेश,

फोनवर तुला माझा आवाज पोचत नाही. दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितोय. अक्षर ओळीगणिक बारीक होत जाईल. चष्मा लाव, वैतागू नकोस. वैतागायला मी आहे.

साखरपुड्याला तीन महिने झाले. तेजश्री पाया पडायला वाकली आणि माझा हात तिच्या डोक्यावर गेलाच नाही. ती तशीच वाकून राहिली. तिचे मामा म्हणाले, "पोर पसंत नाय तर आधी सांगायचं होतं, पाव्हणं." बाहेर येऊन तू मला दगड म्हणालास. लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही.

माझ्या गोळ्या रक्तदाबाच्या नाहीत. मेंदूत हालचालीचा निरोप पुढे नेणारं डोपामिन नावाचं रसायन मला कमी पडतं. आजाराचं नाव पार्किन्सन्स. दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर तू मला दंडाला धरून चालवलं असतंस. तीस वर्षं मी घाटातल्या चालत्या एसटीत कशाला न धरता तिकिटं फाडली. मला ते नको होतं.

गुण येईना म्हणून गेल्या आठवड्यात महाडला डॉक्टरांकडे गेलो. गोळी कशाबरोबर घेता, त्यांनी विचारलं. दुधाबरोबर, म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला. दुधातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून चढतात. दूध घुसतं, गोळी थांब्यावर राहते. हे आधी का सांगितलं नाही, मी विचारलं. डबीतल्या कागदावर आहे म्हणे. इंग्रजीत.

तुझ्या आईचं एकच, "औषध उष्ण पडतं, दुधासंगती घ्या वो." बिरवाडीत विकतचंच दूध मिळेल म्हणून साखरपुड्याला तिनं घरच्या म्हशीचं थर्मासमधून नेलं होतं. पेलाभर, सायीसकट. तिला यातलं अक्षर सांगू नकोस. हल्ली गोळी मी गोठ्यात पाण्याबरोबर घेतो, दूध तासाभरानं पितो. ती म्हणते, "सांगितलेलं कधी ऐकलंत का?" ऐकत होतो, तेच चुकलं.

रविवारी तेजश्रीला घेऊन ये. मामांनाही आण, बोलायचं ते बोलू देत. साडेदहाला गोळी घेईन. अकरा ते एक हात माझा असतो. तिला वाकायला लावू नकोस. मीच उठून तिच्या डोक्यावर हात ठेवीन. एकच्या आत पोचा. उशिराची खोड तुझी जुनी आहे.

तुझाच,
बाबा