तक्रारीतली बाई

रवि., २ फेब्रु.

शेजारच्या रूथची आई जाऊन आज वर्ष झालं. त्यांच्याकडे घरीच प्रार्थना होती. म्हातारी माझी मैत्रीण. दहा वर्षं एका ओट्यावर बसून मेथी निवडली, म्हणून गेले. बारा-पंधरा माणसं, सगळी नात्यातली, काही अंजनगावहून आलेली. पणजोबांपासूनचे ख्रिस्ती हे लोक. एक गाणं झालं, दुसरं सुरू होतं, तेवढ्यात वीसेक पोरं दार ढकलून आत. "धर्म बदलवून राहिले का बे इथं?" रूथचा नवरा दानियल उठला. "बसा न भाऊ. माय गेली, तिची आठवण हाये," म्हणाला, तर त्याचीच खुर्ची उचलून त्याच्या हातावर...
मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराने घरी आले. कडी लावली. चपला तिथेच राहिल्या.

सोम., ३
पोलिसांनी दानियललाच नेलं. मारणारे घरी, मार खाल्लेला आत. मनगट सुजलेलं होतं म्हणे.
कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "धर्मांतराचा डाव उधळला." खाली तीन नमस्कार. त्याखाली, उद्या नळ येणार नाही. मग संध्याकाळपर्यंत नळाचीच चर्चा.

गुरु., ६
हे कोर्टातून आले. (सत्तरी झाली, वकिली सुटत नाही.) जेवताना म्हणाले, "दानियलवरची तक्रार वाचली. एका वृद्ध हिंदू महिलेला आमिष दाखवून प्रार्थनेस बसविले होते, असं आहे. कपाळाला कुंकू, हिरवी साडी. गोंधळात निघून गेली, नाव माहीत नाही. केस त्या बाईवरच उभी आहे."
मी पोळी वाढत होते.
"तू होतीस ना?"
"हो."
ह्यांनी भातावर वरण घेतलं. मग, "ती साडी काही दिवस नेसू नकोस."
आमिष म्हणजे शिऱ्याची वाटी. तीही खायची राहिली.

रवि., ९. अकोला
वातावरण निवळू दे म्हणून हे मला लेकीकडे सोडून गेले. मंजूला सगळं सांगितलं. "वाईट वाटतं गं आई. पण तू बोलून काय होणार? बाबांचे पक्षकार तुटतील." जावई म्हणाले, त्यांनी तरी घरात कशाला जमायचं. मागच्या महिन्यात ह्याच हॉलमध्ये सत्यनारायण झाला, चाळीस पानं उठली. हे मला नंतर सुचलं. तेव्हा गप्प बसले. अलीकडे गप्प बसणं फार सोपं जातंय.

शुक्र., १४
परत अमरावती. रूथ दारात. दवाखान्यातल्या ड्यूटीवरून थेट आलेली, नर्सच्या कपड्यांतच. ह्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर रोज इंजेक्शन द्यायला यायची, एक दिवस चुकली नाही. हातात पिशवी.
"काकू, तुमच्या चपला राहिल्या होत्या."
आत ये म्हटलं. आली नाही. घरमालकाने त्यांना खोल्या सोडायला सांगितल्यात.
"तुमी मागून निघाल्या, ते मी पाह्यलं. पोलिसायनं चारदा इचारलं, ते बाई कोण. मी म्हटलं, मले नाही माहीत."
"का गं नाही सांगितलंस?"
"तुमाले तरास झाला असता."
गेली. 

सोम., १७
ह्यांना न सांगता ठाण्यात गेले. म्हटलं, तक्रारीतली ती बाई मी. मला कोणी आमिष दाखवलं नाही, मैत्रिणीसाठी गेले होते. जमादाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमी वकीलसाहेबाच्या घरच्या ना? त्यायले माहीत हाये का?" लिहून घेतलं नाही. तपास करणारे साहेब आले की बोलावू, म्हणाला.
मी घरी पोचायच्या आत ह्यांना फोन. "मला विचारलंसुद्धा नाहीस," एवढंच. तेव्हापासून घरात बोलणं बंद.

गुरु., २०
ठाण्यातून बोलावणं नाही. दानियलच्या जामिनाची तारीख एकदा पुढे ढकलली, आता उद्या आहे. इथल्या कुणी वकीलपत्र घेतलं नाही, अकोल्याहून एक तरुण वकील मुलगी येते. आज घरी आली. माझं म्हणणं कागदावर उतरवलं, वाचून दाखवलं, मी सही केली. उद्या अकराला कोर्टात या म्हणाली. हे दारात उभे राहून ऐकत होते.
ती गेल्यावर म्हणाले, "त्या पोरांपैकी दोघांचे बाप माझे पक्षकार आहेत."
"मी खोटं लिहिलंय का?"
"नाही." आणि पेपर उघडला.
साडेदहाची रिक्षा सांगितली आहे. चष्मा, आधार कार्ड पिशवीत. रूथला कळवलं, उद्या येते म्हणून. आत्ता तिचं उत्तर आलं, "नका येऊ काकू. मंग ते तुमच्या घरी येतील."
दोनदा वाचलं. हिरवी साडी उद्यासाठी काढून ठेवली.