बाबांची गाडी आणि वीतभर फरक

ती. आयडेलाताई यांस,

ऑरविलचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा गुडघा काय म्हणतो? बागेतली सफरचंदं उतरवून झाली असतील. इकडे मार्वीन खुशाल आहे आणि मी तिच्या तावडीत आहे.

तुमच्याकडे यायला उशीर का झाला, ते सांगतो. नेब्रास्कातलं घर विकून आम्ही हे मोटारघर घेतलं आणि त्याच्या मागे तुमच्या बाबांची जुनी हिरवी गाडी जोडून निघालो. निघताना मार्वीन, तुमची बहीण, वाकून म्हणाली, "ऑरविल, आपला हुक केवढा वर आणि गाडीचा केवढा खाली! मधला दांडा घसरगुंडीसारखा दिसतोय." मी म्हणालो, "वीतभर फरकानं काय आभाळ कोसळतंय?" वायोमिंगच्या उतारावर हरणं आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि आभाळ कोसळलं. मागून गाडीचा रेटा आला, तिरप्या दांड्यानं तिचं नाक जमिनीकडे दाबलं आणि आमच्या मोटारघराचं बूड वर उचललं. बिटाच्या लोणच्याची बरणी फुटून पडदे लाल झाले (हरणं कडेला उभी राहून शांतपणे बघत होती). दांडा अडकवायची गाडीच्या पुढची जोडपट्टी वाकली. मोटारघरांच्या तळावर पोचलो तर शेजारचे सगळे म्हातारे आपापला मोजायचा टेप घेऊन हजर! दांडा जवळपास आडवा हवा, तेव्हा पायरीसारखा खाली उतरणारा जोड लावा, यावर त्यांचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

तो जोड शहरातून येईपर्यंत मुक्काम पडला. एका संध्याकाळी मार्वीन दिसेना. बघतो तर बाबांच्या गाडीत, मागच्या सीटवर. मी शेजारी बसलो. म्हणाली, "तळ्यावर जाताना बाबा मागे तंबूचा गाडा जोडायचे. घाट लागला की मोठमोठ्यानं बेसूर गायचे, आम्ही घाबरू नये म्हणून. आयडेला घोंगडीखाली माझा हात घट्ट धरायची. मला वाटायचं, मला धीर देतेय. हात तर तिचाच थरथरायचा!" हसता हसता ती रडायला लागली. ताई, बाबा गेल्यावर ह्याच गाडीवरून तुम्ही दोघींनी अबोला धरलात. मी मध्ये पडलो नाही, पण त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

आता नवी पट्टी आणि जोड बसवलाय. सपाट जागेवर दोन्हीकडची उंची मोजली (टेप मार्वीननं धरला, मला फक्त आकडा वाचू दिला). रविवारी आयडाहोत तुमच्या दारात पोचतो.

आपला,
ऑरविल

ता. क. : गाडी तुम्हालाच द्यायला आणतोय. मार्वीनला हे स्वतः सांगायचंय, तेव्हा चकित झाल्याचं सोंग नीट वठवा.

ता. क. दुसरा : मार्वीननं पत्र वाचलं. म्हणते, "गाडीचं राहू दे, मी आत आलेली तिला चालेल का, ते विचार." तर ताई, विचारतो. पण फाटक उघडाच, कारण मागे गाडी जोडलेली असली की हे धूड उलटं घेता येत नाही.